पाटणकरबाईंची रिकामी बस

पाटणकरबाई माझ्या गाडीत एकदाही बसल्या नाहीत. पावसात नाही, बर्फात नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. मी स्टॉपपाशी गाडी थांबवून काच खाली करायचो आणि म्हणायचो, "बाई, या ना, सोडतो." भाजीवाल्याने शिळी मेथी पुढे करावी तसं त्या माझ्या गाडीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तू हो पुढे. माझी येईल." गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा शेवटच्या प्रवासाला त्यांना मोटारीतून जावंच लागलं. पण ती मोटार काळी, लांबलचक आणि फ्युनरलवाल्यांची होती. तेवढा मान त्यांनी मला दिला नाही तो नाहीच.

शरयू पाटणकर मूळच्या सोलापूरच्या, शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर. यॉर्कशायरमधल्या आमच्या या चढउताराच्या गावात त्या आल्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. डॉक्टर पाटणकर टेकडीवरच्या हॉस्पिटलात होते. हॉस्पिटलच्या मागे एका रांगेतल्या दगडी घरात दोघं राहिले, आणि डॉक्टर गेल्यावर बाई एकट्या. पिवळाधमक रेनकोट, पाठीवर शाळकरी पोरांची असते तशी बॅग, बॅगेत थर्मास आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. बस थांबवताना त्या हात असा आडवा टाकायच्या, की ड्रायव्हरला थांबू का, हा प्रश्नच पडू नये. इथली माणसं बसला अगदी संकोचाने बोट दाखवतात. बाई चौकातल्या पोलिसासारख्या अख्खा हात दाखवायच्या.

मी त्यांना प्रथम भेटलो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी. लीड्समध्ये आमची कन्सल्टिंग फर्म होती. शहरांना बसचे मार्ग आखून द्यायचे, हे तिचं काम. मी केंब्रिजहून डिग्री घेऊन आलो होतो, कॉम्प्युटरवर अख्ख्या शहराचं ट्रॅफिक फिरवून दाखवायचो आणि स्वतःला फार मोठा समजायचो. बाई माझ्या बॉस. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचलो.

"कशाने आलास?"

"गाडीने. पार्किंगच मिळेना हो."

"आणि तू लोकांच्या बस आखणार?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरी जा. बसने परत ये. मग बोलू."

मला वाटलं गंमत करताहेत. हसलो. त्या हसल्या नाहीत. मी खरंच घरी गेलो आणि बसने निघालो. चुकीच्या बसमध्ये बसलो, भलत्याच गावात उतरलो, आणि ऑफिस सुटताना कसाबसा पोचलो. बाई कोट चढवत होत्या. "आता थोडं काही शिकलास," म्हणाल्या आणि त्यांची बस चुकू नये म्हणून निघून गेल्या. माझा पहिला दिवस तो तेवढाच.

बाईंची एक सवय इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. इंग्लंडात म्हाताऱ्यांना बस फुकट असते. पास मिळतो, तो मशीनला टेकवायचा, मशीन टुक् करतं, झालं. पण आमच्या टेकडीच्या बसचे ड्रायव्हर भले. म्हातारी पर्समध्ये पास शोधायला लागली की म्हणायचे, "राहू दे लव्ह, बस जाऊन." यॉर्कशायरात कोणालाही लव्हच म्हणतात. सगळ्या म्हाताऱ्या थँक्यू म्हणत आत जायच्या. बाई जायच्या नाहीत. टुक् झाल्याशिवाय त्या दारातून हलत नसत. मागची रांग पावसात भिजली तरी नाही.

"ओळखतो की मी तुम्हाला," एकदा एक ड्रायव्हर म्हणाला.

"तू ओळखतोस. तुझं ऑफिस ओळखत नाही," बाई म्हणाल्या. "काउंट मी."

या 'मला मोजा'चं मूळ कुठे होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण तिथे मी तोंडावर आपटलो होतो.

नव्वदचं ते दशक. पूर्व युरोपातल्या एका देशात नुकती राजवट बदललेली. सरकारी दुकानं, सरकारी कारखाने, सगळं विकायला काढलेलं, आणि त्यात एका शहराच्या बसही. शहराला कर्ज देणाऱ्या बँकेने आमच्या फर्मला तिथे पाठवलं, त्यांना बाजार शिकवायला. कोणते मार्ग ठेवायचे, कोणते खाजगी मिनीबसवाल्यांना विकायचे, कोणते बंद करायचे ते आम्ही सांगायचं. मी माझा कॉम्प्युटर घेऊन गेलो, बाई त्यांची चटणी घेऊन.

मी आठवडाभर हॉटेलच्या खोलीतून हललो नाही. बाहेर थंडी होती आणि माझ्याकडे सगळे आकडे होते. मग मेयर, बँकेचा साहेब आणि बस डेपोचे लोक यांच्यासमोर मी पडद्यावर नकाशा दाखवला आणि टेकडीवर जाणाऱ्या ट्रॉलीबसवर लाल फुली मारली. ट्रॉलीबस म्हणजे डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणारी बस. "हा मार्ग जवळजवळ रिकामा धावतो," मी म्हणालो. "तिकीटच खपत नाही." बँकेच्या साहेबाने मान डोलावली. डेपोची माणसं एकमेकांकडे बघून काहीतरी पुटपुटली. दुभाषी मुलगी ते भाषांतर करेना, लाल झाली.

बाई मराठीत म्हणाल्या, "उद्या सकाळी त्या रिकाम्या बसने जाऊ आपण."

गेलो. म्हणजे बाई चढल्या आणि मी चढवला गेलो. त्या बसमध्ये मी एका पायावर उभा होतो, दुसऱ्याला जागाच नव्हती. माझ्या पोटाला एका आजीबाईंची बादली टेकलेली. तिच्यात आंबवलेला कोबी होता. पहिल्या वळणाला तो हिंदकळला आणि त्याचं आंबट पाणी माझ्या एकुलत्या एक सुटात उतरलं. आजीबाईंनी माझ्याकडे अशा रागाने बघितलं, जणू मीच ते पाणी प्यायलो. बाई माणसांच्या डोक्यांवरून मला विचारत होत्या, "काय रे श्रीरंग, रिकामी आहे ना?"

माणसं होती कोण? पेन्शनर, हॉस्पिटलच्या नर्सेस, विद्यार्थी, युद्धात पाय गेलेले म्हातारे. सगळ्यांना जुन्या राजवटीने पास दिलेले, सगळे फुकट. तिकीट खपायचंच नव्हतं तिथे. माझ्या कॉम्प्युटरच्या लेखी ती माणसं जन्मालाच आली नव्हती.

तसाच कोबीचा वास मारत मी दुपारच्या मीटिंगला बसलो. बँकेचा साहेब खुर्ची जरा लांब सरकवून म्हणाला, "मिसेस पाटणकर, बाजारात जो पैसे देतो त्यालाच गिऱ्हाईक म्हणतात."

बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजाराला माझी ना नाही. विका बस. पण त्या आजीबाई बाजारात कोबी विकायला जातात. त्या पोचल्याच नाहीत, तर तुमचा बाजार भरवणार कोण? आधी माणसं मोजा. मग फुकट नेलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे शहराने बसवाल्याला द्यावेत. बस सरकारी असो नाहीतर खाजगी. हे लिहिलंत तर सही करते, नाहीतर नाही."

साहेब म्हणाला, की सही दुसरं कोणी करील. बाईंनी थर्मास उघडला आणि शांतपणे चहा ओतून घेतला. "करू दे ना. मी मात्र रोज सकाळी त्या बसमध्ये तुमची वाट बघीन. तुम्ही येईपर्यंत."

दोन दिवस त्या खरंच तशा गेल्या. तिसऱ्या दिवशी मेयर स्वतः आले, एकटे. त्यांच्या सुटाचं काय झालं मला माहीत नाही, पण माणसं मोजली गेली, पैसे द्यायचं ठरलं आणि ट्रॉलीबस टिकली. फर्मने त्यानंतर बाईंना परदेशी पाठवलं नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिथे जिरं मिळत नव्हतं."

मला वाटायचं ही परक्या मुलखातली, जुनी गोष्ट झाली. पण बाजार इथे तर त्याच्याही आधीच आला होता. लंडनच्या बाहेर बसचे मार्ग कंपन्यांचे. परवडला तर चालवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. आणि एका उन्हाळ्यात कंपनीने सांगितलं, की टेकडीची बस परवडत नाही. बंद.

बाईंना ऐंशी उलटली होती. ड्रायव्हिंग लायसन्स त्यांनी केव्हाच परत केलेलं. दुकान, लायब्ररी, डॉक्टर, सगळं खाली गावात. आमच्या चढावर हिवाळ्यात बर्फ जमला की तरणेही बसून घसरत जातात. त्यांचा मुलगा निखिल लंडनच्या हाउन्सलोला राहतो, एअरपोर्टवर कामाला. जन्म इथलाच, जीव लावणारा मुलगा. तो आला तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला होतो.

"आई, प्लीज. तुझा खोली रेडी आहे. पेंट पण केला. बस नाही तर तू शॉपिंग कसा करणार? आमच्याकडे स्टॉप घराच्या समोरच आहे, दर थोड्या वेळाने बस."

"असणारच," बाई म्हणाल्या. "लंडनच्या बसवर लंडनने आपला हात ठेवला. बाकी देशाला बाजारात सोडलं."

"आई, मी पॉलिटिक्स नाही बोलत. मी वरी करतो."

बाई खिडकीपाशी गेल्या. तिथून हॉस्पिटल दिसत होतं. मग म्हणाल्या, "पहिला बर्फ पडेपर्यंत थांब. तोवर बस परत आली नाही, तर येईन मी. शब्द देते."

निखिलने सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं, जिंकलो. मलाही तसंच वाटलं. कंपनीने सोडलेली बस परत आलेली कोणी पाहिली आहे?

बस प्रत्यक्ष बंद व्हायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग होती. कंपनीने जेमी नावाचा एक तरुण मॅनेजर पाठवला. पडद्यावर नकाशा, टेकडीवर लाल रेघ. म्हणजे मीच की, फक्त शर्ट अंगाला नीट बसलेला. "नोंदलेले प्रवासी फारच कमी आहेत," तो म्हणाला.

बाई उठल्या. "या हॉलमध्ये कोणाकोणाला ड्रायव्हर 'राहू दे लव्ह' म्हणाला आहे? हात वर करा."

निम्मा हॉल वर झाला. बाईंची शेजारीण ब्रेंडा तर दोन्ही हात वर करून, "मी वर्षानुवर्षं टॅप केलं नाही!" असं अभिमानाने ओरडली आणि मग, आपण काय बोललो ते कळून, हळूच खाली बसली. जेमी घामाघूम झाला. बाजी उलटली होती. तेवढ्यात मला मदत करायची बुद्धी झाली.

मी उठलो आणि म्हणालो, "मित्रहो, आपण माणुसकी सोडणार नाही. बस असो वा नसो, आमच्यापैकी ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते पाळीपाळीने सगळ्यांना खाली नेतील!"

काय टाळ्या पडल्या! सगळ्यात जोरात जेमीने वाजवल्या. "वंडरफुल," तो म्हणाला. "हे खरं कम्युनिटी सोल्यूशन." आणि पुढच्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की रहिवाशांनी स्वतःच पर्यायी व्यवस्था केल्यामुळे बस बंद करताना कोणाची गैरसोय होणार नाही. त्या पत्रकाच्या खाली चक्क माझे आभार.

मी माफी मागायला गेलो, तर बाईंनी दार अर्धवटच उघडलं. "शहाण्या," त्या म्हणाल्या, "तिथे एकदा मारलीस, इथे पुन्हा मारलीस. तुला बसचं इतकं वैर का रे?"

"बाई, मी गाडीतून सोडीन हो तुम्हाला. रोज."

"हेच. मला कुणी सोडायला नकोय. मला जायचंय." आणि दार लागलं.

बस बंद झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीतून उतारावर आलो तर स्टॉपवर पिवळा रेनकोट. काच खाली केली. "बाई, बस बंद झाली."

"माहीत आहे."

"मग उभ्या का?"

"बसची वाट बघते."

वेळ साडेनऊची होती. साडेनऊच्या आधी पेन्शनरांचा पास चालत नाही. नसलेल्या बससाठीही बाई नियमाने साडेनऊनंतरच यायच्या. तासभर उभ्या राहायच्या, चहा प्यायच्या आणि घरी जायच्या. दोन दिवसांनी त्यांच्या मागे ब्रेंडा उभी राहिली. ब्रेंडाच्या मागे तिचा नवरा. मग रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या नर्सेस. इंग्रज माणसाला रांग दिसली की पाय आपोआप तिच्या टोकाला जातात, कशाची आहे ते तो मागाहून विचारतो. काही दिवसांत रांग पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. माणसं फक्त उभी आणि चटणीचा डबा पुढून मागे फिरतोय. "फार तिखट आहे लव्ह," असं म्हणत ब्रेंडा दुसऱ्यांदा घ्यायची.

मीही जायचो. प्रायश्चित्तासारखा. गाडी स्टॉपच्याच जागेत लावायचो, तिथे आता बस येत नव्हती आणि टेकडीवर पार्किंगची मारामार.

थंडी वाढत चालली. निखिलचे फोन वाढले. एका सकाळी गवतावर पांढरा थर दिसला आणि मी वाकून तो बोटाने खरवडला. ब्रेंडानेही खाली बघितलं. बाई म्हणाल्या, "दव गोठलंय. याला बर्फ म्हणत नाहीत." पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या ब्रेंडाच्या खांद्याचा आधार घेऊन घरी गेल्या.

मग कौन्सिलर, म्हणजे इथले नगरसेवक, आले. चांगला कोट, सोबत फोटोग्राफर. सरळ चालत पुढे गेले आणि बाईंच्या शेजारी हसत उभे राहिले. अख्ख्या रांगेने श्वास रोखला. या देशात माणूस सरकार पाडू शकतो, पण रांग मोडू शकत नाही.

बाईंनी मान वळवली. "एक्स्क्यूज मी. रांग तिकडून सुरू होते."

"मी फक्त एक फोटो..."

"तिकडून."

बिचारे गेले मागे. पार पोस्टाच्या पेटीच्या पलीकडे. आणि तिथे अडकले, कारण रांगेत उभं राहून लगेच निघून जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. पुढे रात्रपाळीची नर्स, मागे डायलिसिस करून परतणारे आजोबा. दोघांनी त्यांना तासभर आपापल्या सकाळी कशा जातात ते सांगितलं. शेवटी ते चालत पुढे आले, या वेळी फोटोग्राफरशिवाय. "मिसेस पाटणकर, कौन्सिलने पैसे देऊन बस चालवली, तर ती भरेल याची खात्री काय?"

बाईंनी मागे हात केला. "मोजा."

ते मोजत मोजत मागे गेले.

कौन्सिलच्या पैशाने बस पुन्हा सुरू झाली त्या सकाळी आकाश राखाडी होतं आणि रेडिओवर बर्फाचा अंदाज सांगत होते. निखिल खास आला होता. आईला न्यायला की बस बघायला, ते त्याने सांगितलं नाही. रांग नेहमीचीच, पण आज सगळ्यांनी कपडे बरे घातले होते. वळणावर बस दिसली. छोटी, एकमजली, हिरवी. ब्रेंडा रडायलाच लागली. बाईंनी हात आडवा टाकला. बस आली, आणि स्टॉपच्या अलीकडे थांबून हॉर्न वाजवायला लागली.

स्टॉपच्या जागेत माझी गाडी उभी होती.

अख्खी रांग माझ्याकडे वळली. बाईंनी नुसतं बघितलं. पुन्हा शिळी मेथी. मी धावलो, किल्ल्या गारठलेल्या फुटपाथवर पाडल्या, उचलल्या, गाडी काढली आणि वर हॉस्पिटलपर्यंत जागा शोधत गेलो. लावली कुठेतरी आणि उताराने पळत, घसरत खाली आलो. बस गेली असणार याची खात्रीच होती.

बस तिथेच होती. तिकिटाचं मशीन बंद पडलेलं. ड्रायव्हर नवा होता, भला होता. तो म्हणत होता, "राहू दे लव्ह, पहिलाच दिवस आहे, बसा सगळे."

बाई पायरीवर उभ्या. एक हात दांड्याला, दुसऱ्यात पास. "नाही. काउंट मी."

"मशीनच चालत नाही हो."

"मी थांबते."

मागे कोणी कुरकुर केली नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, बस अंधारी झाली, पुन्हा सुरू केलं. मशीनचा दिवा लागला. टुक्. बाई आत गेल्या. ब्रेंडा, टुक्. तिचा नवरा, टुक्. निखिलने तर फोन टेकवून पैसे भरले आणि आईच्या मागोमाग आत शिरला. मी टोकाला, रांग पुढे सरकताना पाहत होतो. माझ्यापुढचे डायलिसिसवाले आजोबा चढले आणि दार मिटायला लागलं.

आतून आवाज आला, "थांबा! एक राहिलाय."

दार उघडलं. माणसांच्या डोक्यांवरून पिवळ्या बाहीतला हात दिसत होता, अख्खा, आडवा. मी खिशातून माझा पास काढला. मलाही तो वर्षापूर्वीच मिळालेला, कधी वापरला नव्हता. मशीनला टेकवला. टुक्.

"आता सोडा," बाई म्हणाल्या. तो हात खाली गेला, आणि गर्दीत मला पुन्हा काही दिसला नाही. बसायला जागा नव्हती. मी दांड्याला लोंबकळत, एका पायावर, उभाच खाली गेलो.